पिवळ्या कापडाची दारं

मुहर्रक
३ जानेवारी २०२५

ताहिर,

एसीच्या नळीखालची बादली भरली होती, तिच्या पाण्याने मी जिना पुसला. तांदूळ वाटून ठेवलेले होते, त्याचे घावन घातले, एअरपोर्टवरच्या शिफ्टवाल्यांचे डबे भरले. मग शेरी मासे साफ करायला बसले तर तुझे भाईजान म्हणाले, "मासळी राहू दे. आधी माझे दोन पांढरे शर्ट धू. ताहिरच्या दुकानात मळका उभा राहिलो तर गिऱ्हाईक म्हणेल, हा हमाल कोण?" मी म्हटलं, "भावाकडे चाललात की नवरी बघायला?" ते हसले नाहीत. नोकरी इथे बहरीनला हिद्दच्या बंदरात केली, राहिले एअरपोर्टच्या भिंतीला लागून, आणि विमानात बसायला घाबरायचे. शर्ट मी गच्चीवर वाळत घातले. वारा होता, लगेच वाळले.

तू विचारलंस, त्यांची शेवटची आठवण काय? ही. दुसरी नाही. तुझ्या गव्हर्नरसाहेबांना हिचा उपयोग होत असेल तर सांग त्यांना.

रविवारी फोनवर तू म्हणालास की तिथे पोटनिवडणूक आहे आणि साहेबांना माझा व्हिडिओ पाहिजे. मी म्हणायचं, "मी उबेदची बेवा. तळ्याकडच्यांनी माझा नवरा मारला." एवढंच. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. आधी मला नीट लिहून कळव की त्या दिवशी काय झालं. मागच्या मार्चपासून मी हे फोनवर विचारते आणि तू दर वेळी खोकतोस, मग लाईन जाते. कागदावर लाईन जात नाही. सुयशच्या ऑफिसची माणसं माल सोडवायला तुमच्याकडे आळीपाळीने येतात, त्यांच्या हाती दे. सुयश तुझ्या भाईजानच्या हाताखाली शिकला, तो पाकीट फोडणार नाही.

मी सातवी शिकलेली बाई. बाकीचं वाचन त्यांनी बंदरावरून आणलेल्या रद्दीतून झालं. मासिकं, पुस्तकं, अर्धी पानं गेलेली. तरी वाचता वाचता एक सवय लागली, जे लिहिलंय ते दोनदा वाचायची. म्हणून लिही.

एक विचारायचं राहिलं. त्यांची बॅग आली त्यात एक शर्ट न धुतलेला होता. दोन्ही खांद्यांवर पिवळे डाग. मला वाटलं हळद, तुमच्याकडे जेवताना सांडलं असेल. साबण घासला, लिंबू लावलं, उन्हात टाकला. हळद उन्हात उडते. हा डाग उडाला नाही. तुझ्या घरात कुठली हळद वापरता?

लाईबा पोरीला प्यार. आतिका कामावर गेलीय, चाच्याला तिचा सलाम.

तुझी भाबी,
खदिजा

०

१४ जानेवारी २०२५

आदरणीय भाबी,

अस्सलाम अलैकुम. तुमचं पत्र मिळालं. हस्ताक्षर बघून म्हसळ्याचं घर आठवलं. अम्मी गेल्यावर तुम्ही मला चुलीपुढे बसवून घावन खायला घालायचा आणि मी मोजून खोटं सांगायचो. तेव्हापासून तुमच्यापुढे माझं खोटं चालत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून खरं तेच लिहितो.

इथली गोष्ट तिथे बसून कळायची नाही. डोंगराकडचे आणि तळ्याकडचे, या दोघांची दुश्मनी हजार वर्षांची आहे. आपले लोक येण्याआधीची. यांच्या रक्तात आहे ते. दर निवडणुकीला उफाळतं, कोणी काही करू शकत नाही. गव्हर्नरसाहेब डोंगराकडचे, पण मनाने चांगले. आपल्या दुकानाला त्यांनी नेहमी सांभाळलं. निवडणुकीला बायकांना वाटायचा खांगा, म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड, त्याची ऑर्डर ते दुसऱ्या कोणाला देत नाहीत. माझा हात मोडला होता आणि माल फार होता, म्हणूनच मी भाईजानना बोलावलं, तुम्हाला ठाऊक आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तळ्याकडचे हरल्याच्या रागात बाजारात घुसले. भाईजान शटर ओढत होते. मी आत होतो. दगड लागला, मग चाकू. मी काही करू शकलो नाही. अल्लाची मर्जी. मय्यतीला गव्हर्नरसाहेब स्वतः आले, रडले. भाबी, एवढा मोठा माणूस आपल्या घरी चटईवर बसून रडला. "माझ्या पाहुण्याला त्यांनी मारलं," म्हणाले.

आता ते भाईजानच्या नावाने दवाखाना बांधतायत. बाजारात कमान आहे, तिच्यावर नाव आहे. इथे प्रत्येक पोराला उबेद हे नाव माहीत आहे. तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे. दोन मिनिटांचा व्हिडिओ, भाबी. तुमच्या घरी बसून, डोक्यावर ओढणी घेऊन.

सोबत एक खांगा पाठवतो. यंदाचा आहे, साहेबांनी खास तुमच्यासाठी दिला.

हळद इथली बाजारची आहे. चांगली नसते.

आपला,
ताहिर

०

मुहर्रक
२६ जानेवारी २०२५

ताहिर,

पाकीट उघडलं आणि कापडातून ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या व्हिसाच्या फोटोतला चेहरा. कान मोठे आलेत. चेहऱ्याभोवती पिवळा काठ आणि खाली त्यांच्या भाषेत एक ओळ. हे बायका कमरेला गुंडाळणार, त्यावर बसणार, त्याने पोराचं नाक पुसणार. आपल्यात तसबीर लावत नाहीत, तू लावून घेतलीस गावभर. मी लग्नापासून कधी त्यांचं नाव तोंडाने घेतलं नाही. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. सरकारी कचेरीत माणूस विचारायचा "हजबंडस नेम?" तर मी कार्ड पुढे करायचे. जे नाव मी घेतलं नाही ते तुम्ही मीटरने विकताय.

ती ओळ मी ग्रेसला वाचायला दिली. ग्रेस एअरपोर्टवर झाडूपोछा करते, माझ्याकडून डबा नेते, मला मामा म्हणजे आई म्हणते, तुमच्याच शहरातली आहे. आमचं बोलणं हिंदी, अरबी, इंग्लिश सगळ्याचं कालवण असतं. ती म्हणाली, "मामा, इट से, 'आमचा पाहुणा त्यांनी मारला. पाहुण्याचं कर्ज फेडा.'" मग तिने कापड नीट धरलं आणि खालीच बसली. "मामा, धिस मॅन? धिस मॅन युवर हजबंड?"

मी म्हटलं, हो.

"माय मदर नो हिज फेस. यलो क्लॉथ, मामा. अर्ली मॉर्निंग. ही गिव्ह."

ग्रेस तळ्याकडची आहे. तिने सांगितलं ते तुला लिहिते, कारण तू लिहिलं नाहीस. निवडणुकीआधी साहेबांच्या माणसांनी घरोघर पिवळा खांगा वाटला, पण फक्त डोंगराकडच्यांच्या घरी. मग सांगणं आलं, निकालाच्या रात्रीपासून तो दाराला बांधा. ज्या दाराला पिवळं नसेल ते घर कोणाचं ते कळेल. आणि त्या पहाटे एक पांढऱ्या शर्टातला मुहिंदी, म्हणजे आपल्यासारखा हिंदुस्तानी, तळ्याच्या रस्त्याने खांद्यावर गठ्ठे घेऊन आला आणि दारोदार पिवळं कापड देत गेला. ग्रेसच्या आईला भाषा कळत नव्हती. त्याने स्वतः तिच्या कडीला बांधून दिलं. तिचं घर उभं आहे.

त्या रस्त्यावरची किती दारं उभी आहेत ते मी विचारलं नाही. 

काल मी तुझा खांगा भिजवला. बादलीभर पाणी पिवळं झालं. माझे हात अजून पिवळे आहेत. कच्चा रंग आहे, ताहिर, नव्या मालाचा, घामाने सुटतो. खांद्यावर गठ्ठा वाहिला की शर्टाला लागणार. तो डाग आणि हा डाग मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बाजारच्या हळदीचं तू उगीच नाव घेतलंस.

आता तुझं पत्र. मी दोनदा वाचलं. हजार वर्षांची दुश्मनी, रक्तात आहे, असं लिहितोस. मग दाराला कापड कशाला लागलं? जे रक्तात असतं ते बघून कळायला पाहिजे. तुझ्याच जुन्या पत्रात, लाईबाच्या जन्माच्या वेळच्या, मी सगळी ठेवलीयत, तू लिहिलं होतंस की दुकानासमोर तळ्याकडची नवरी आणि डोंगराकडचा नवरा यांची वरात निघाली आणि तू दोन खांगे भेट दिलेस. घरं एकमेकांत मिसळलेली होती, माणसं ओळखू येत नव्हती, म्हणूनच तुझ्या साहेबांना रंग विकत घ्यावा लागला. तो कुठून आला? त्या बिचाऱ्यांच्या रक्तातून नाही आला. तुझ्या गोदामातून आला.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. मुंबईला त्या दंगलीच्या हिवाळ्यात मी मामूंकडे बाळंतपणाला होते. जिन्यावरच्या नावाच्या पाट्या एका दुपारी मामूंनी स्वतः स्क्रूड्रायव्हरने काढल्या. त्याआधी कोणीतरी येऊन पाट्या वाचून गेलं होतं. वाचणारी माणसं रागावलेली नव्हती. एकाने प्यायला पाणी मागितलं. राग नंतर आणला गेला, जसा ट्रकने माल येतो.

तळ्याकडच्यांना वाचवणाऱ्या माणसाला तळ्याकडचे का मारतील? याचं उत्तर लिही. शटरची गोष्ट पुन्हा सांगू नको.

खदिजा

०

५ फेब्रुवारी २०२५

भाबी,

भाईजाननी तुम्हाला रद्दी आणून दिली ही त्यांची चूक झाली. घरातल्या बाईने इतकं वाचू नये.

तुम्हाला काय वाटतं, मला माहीत नव्हतं कापड कशासाठी आहे? ऑर्डर आली तेव्हा नव्हतं माहीत. दाराला बांधायचं सांगणं आलं तेव्हा कळलं. तोवर माल गेला होता. परत आणू? साहेबांना सांगू, माझं कापड परत द्या? इथे आपले लोक तीन पिढ्या आहेत आणि अजून पाहुणेच आहेत. पाहुण्याने यजमानाला विचारायचं नसतं. भाईजानना मी तेच सांगितलं. ते म्हणाले, "उरलेले गठ्ठे आहेत ना गोदामात?" मी म्हटलं, झोपा. सकाळी बघितलं तर गोदाम उघडं, आणि ते शर्ट बदलून चहा पीत बसले होते. "ताहिर, आता सगळीच दारं पिवळी झाली. आता काय जाळतील?" म्हणाले. हसले, भाबी. विमानाला घाबरणारा माणूस हसला.

दुपारी साहेबांची माणसं आली. तळ्याच्या रस्त्यावर इतकं पिवळं कुठून आलं, कापड कोणी वाटलं, हे विचारायला. गोदाम माझं. दुकानात दोनच माणसं होती, भाबी. आणि वर माडीवर लाईबा होती, जिन्यात त्यांचा एक माणूस उभा होता.

तुम्ही बहरीनला होता. गच्चीवर कपडे वाळत घालत होता. मला विचारू नका.

साहेब मय्यतीला रडले ते खरं आहे. त्यांना आधीच कळलं होतं या मय्यतीचं काय करायचं ते. मीपण बघत होतो. मी पण रडलो.

व्हिडिओ करायचा नसेल तर नका करू. आतिका आजारी आहे सांगतो, तुम्ही आजारी आहात सांगतो. पण गप्प राहा. तुम्ही काही बोललात तर तो माणूस पुन्हा जिन्यात येईल. लाईबा एकोणीसची झाली. तुमच्या हातचं खाल्लेल्या पोराने हात जोडलेत असं समजा.

हे पत्र जाळा.

ताहिर

०

मुहर्रक
९ फेब्रुवारी २०२५

ताहिर,

वाचलं. जाळलं नाही.

मी तुला शिव्या देणार नाही. शिवी दिली की मन हलकं होतं, आणि ते मला नको आहे. आतिका रात्रभर मला म्हणत होती, "अम्मी, लेट इट गो, ही हॅड नो चॉइस." मी म्हटलं, बाई, तुझ्या अब्बूंना होता?  तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर द्यायचं नसतं.

तुला पर्याय नव्हता असं मी धरून चालते. माडीवर आतिका असती तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. पण ते त्या दुपारचं झालं. आता वर्ष होत आलं, आणि यंदाचं कापड तू पुन्हा छापून घेतलंस. या वेळी त्यावर त्यांचं तोंड आहे. ज्यांना वाचवायला ते पहाटे निघाले त्यांचीच घरं त्यांच्या नावाने जाळायची, असा माल तू ऑर्डर घेऊन पुरवलास. त्या दिवशी जिन्यात माणूस उभा होता. ऑर्डर घेताना कोण उभं होतं?

ग्रेस रोज येते. डबा घेते आणि जात नाही, दारात उभी राहते. तिच्या आईच्या दाराला मागच्या वर्षीचं पिवळं कापड आहे, विटलेलं. यंदाच्यात चेहरा आहे, त्यामुळे जुनं चालायचं नाही. ती म्हणते, "मामा, तुझ्या तोंडचं ते ऐकतील. कमानीवर नाव आहे. त्याची बायको खोटं बोलते असं गव्हर्नर पण म्हणू शकणार नाही." तुमच्या साहेबांनी मला तिथे मोठी बाई करून ठेवलंय. मग मी बोलणार.

लपून करत नाही, तुला आधी सांगते. लाईबाला पाठव. आतिकाने व्हिजिट व्हिसा काढलाय, कागद याच पाकिटात आहे. तूही ये. या खोलीत तिघी बायका नि एक तू, राहू कसेही. लाईबा माझ्या दारात पोचेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. पोचली की उघडीन. महिनाअखेरीच्या निवडणुकीआधी.

कुलूप लाव आणि ये, ताहिर. दुकान म्हणजे काय, भिंती आणि कापड.

खदिजा

०

१८ फेब्रुवारी २०२५

भाबी,

लाईबाला पाठवतोय. तिला भाईजानचं काही माहीत नाही, तिला वाटतं ती आतिकाला भेटायला येतेय. मी येत नाही. दुकानाला कुलूप दिसलं तर त्यांना कळेल. उघडं असलं तर दोन दिवस तरी कळणार नाही.

माल ट्रकवर चढलाय. वाटप शनिवारी.

तुम्ही काय करायचं ते करा. पण माझं नाव घेताना एवढं सांगा की मी वर बघितलं होतं, माडीकडे. खाली नाही बघितलं.

ताहिर

०

मुहर्रक
२३ फेब्रुवारी २०२५

ताहिर,

हे पत्र तुला कोण देईल माहीत नाही. सुयश म्हणतो, त्याच्या ऑफिसने तिकडची माणसं परत बोलावलीयत. शुक्रवारच्या रात्रीपासून तुझा फोन लागत नाही. आतिका म्हणते तिथलं नेट बंद केलंय, म्हणून लागत नसेल. लाईबा दर तासाला लावून बघते. मी तिला लावू नको म्हणत नाही.

ती गुरुवारी दुपारी पोचली. एअरपोर्टवरून चालत आली असती तरी चाललं असतं, इतकं जवळ, पण आतिका टॅक्सी घेऊन गेली. लाईबाचं नाक तुझ्यासारखं आहे. दारात मला मिठी मारली आणि म्हणाली, "चाची, इट स्मेल्स लाइक अब्बाज हाउस." घावन घातले. सहा खाल्ले आणि चार म्हणाली. तेही तुझंच.

संध्याकाळी ग्रेस डब्याला आली. लाईबाने तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, ग्रेसने उलट काहीतरी म्हटलं, आणि दोघी एकदम हसायला लागल्या. तुमच्या बाजारातल्या कुठल्या तरी बोकडाची गोष्ट होती म्हणे, जो भाजीवाल्यांना लुटतो. दोघींना तो बोकड माहीत होता. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. रक्तातलं काही दिसतंय का बघत होते. मला दोन पोरी दिसल्या, गावच्या आठवणीने हसणाऱ्या.

मग ग्रेसने कपाटावर घडी घातलेला खांगा बघितला आणि लाईबानेही बघितला. लाईबाचं हसणं तिथेच थांबलं. तुला वाटलं होतं त्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं. "त्या दिवशी मी माडीवरून आवाज ऐकला होता," म्हणाली. मराठीत म्हणाली. "अब्बांचा आवाज. एकच शब्द होता." मी तिला विचारलं नाही कुठला.  ते तुझ्या भाईजानचं नाव होतं हे आम्हा दोघींना कळलं.

रात्री तिने मला विचारलं, "चाची, तुम्ही बोललात तर अब्बा?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खोटं बोलले नाही.  मग तिने कागद मागितला आणि मी जे बोलणार ते त्यांच्या भाषेत लिहून काढलं, म्हणजे ग्रेस ते वाचू शकेल. त्यांना कोणी दाखवून दिलं, त्या ठिकाणी लिहिताना थांबली आणि माझ्याकडे बघितलं. "इथे कोणाचं नाव?" मी म्हटलं, इथे जागा सोड.

तू लिहिलं होतंस, वर बघितलं ते सांगा. ते मी सांगायचं नाही, ताहिर. ते तू सांगायचं, जिथे सांगायचं तिथे. माझ्याकडे तुझं पत्र आहे, आणि तुझी पोर आहे. एवढं माझ्याकडे पुरे.

दुसऱ्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर, मी ओढणी डोक्यावर घेऊन ग्रेसच्या फोनसमोर बसले. मांडीवर त्यांचा खांद्यावर डाग पडलेला शर्ट ठेवला. मी त्यांचं नाव घेतलं. तुझं घेतलं नाही.

खदिजा